जुन्या धाटणीचे हंबकर: ५९, सेथ लव्हर की पर्ली गेट्स?

सहावी_तार (पुणे)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे लेस पॉल (गिब्सनचं प्रसिद्ध मॉडेल) धाटणीची एक जुनी कोरियन गिटार आहे. महोगनीचं अंग, वर मेपल, चिकटवलेली मान. हाताला इतकी बसली आहे की ती बदलायचा विचारही मनात येत नाही. अडचण पिकअपची, म्हणजे तारेचं कंपन पकडून ॲम्पकडे पाठवणाऱ्या भागाची आहे. नेक (मानेजवळच्या) पिकअपवर जाड तारांवर कॉर्ड वाजवला की सगळे स्वर एकमेकांत कालवले जातात, कुठला कोणता ते कळत नाही. ब्रिजवर (घोडीजवळच्या पिकअपवर) बरोबर उलटं: वरचा भाग टोचतो आणि मधे पोकळी.

मी मुख्यतः ब्लूज आणि सत्तरच्या दशकातला रॉक वाजवतो. महिन्यातून एखाद-दोनदा बँडबरोबर मराठी-हिंदी गाणी. घरी १५ वॉटचा व्हॉल्व्हचा ॲम्प आहे, बाहेर जो मिळेल तो.

बरंच वाचून जुन्या धाटणीच्या हंबकरची (दोन गुंडाळ्यांचे, घरघर मारणारे पिकअप) यादी इथवर आणली आहे: सेमूर डंकनचे ५९, सेथ लव्हर आणि पर्ली गेट्स, गिब्सनचे ५७ क्लासिक आणि बर्स्टबकर. सगळेच म्हणतात, आमचा आवाज पन्नासच्या दशकातला. मग फरक नक्की कशात? चुंबक अल्निको (एक मिश्रधातू) २ चा घ्यावा की ५ चा? मेणात बुडवलेला घ्यावा की कोरा? आणि ते ८ किलोओहम, ८.३ किलोओहम आकडे बघून काही ठरवता येतं का? जोडी एकदाच घ्यायची आहे, म्हणून घाई नाही. सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

मांडवी (पणजी)

५९ घ्या. आमच्या बँडमध्ये दोन्ही गिटारींना तेच आहेत. हॉटेलांत, लग्नांत, कधी समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर वाजवावं लागतं आणि समोर बहुतेक वेळा ट्रान्झिस्टरचा ॲम्प असतो. अशा ठिकाणी अल्निको ५ चा कसलेला खर्ज आणि स्वच्छ वरचा भाग उपयोगी पडतो. मेण असल्याने शिट्टी मारत नाहीत. बाकी चर्चा जाणकार करतीलच.

तांब्याची_तार (ठाणे)

मी जुने पिकअप उघडून पुन्हा गुंडाळण्याचं काम करतो, त्यामुळे आतल्या बाजूने सांगतो.

हे सगळे पिकअप एकाच गोष्टीची नक्कल करतात. गिब्सनच्या कलामाझूच्या कारखान्यात सेथ लव्हर नावाचे अभियंते होते. त्यांनी १९५५ साली या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी, एकीच्या खांबांना चुंबकाचं उत्तर टोक, दुसरीच्या खांबांना दक्षिण, आणि दोन्हींची जोडणी विरुद्ध. तारेच्या कंपनाने दोन्हींत तयार होणारा सिग्नल एकमेकांत मिळतो. विजेच्या तारांची, ट्रान्सफॉर्मरची घरघर मात्र एकीत सुलट आणि दुसरीत उलट जाते आणि आपोआप मरते. ॲम्पच्या वीजपुरवठ्यातली घरघर मारण्यासाठी गुंडाळ्यांचा असा वापर आधीपासून होता. लव्हर यांनी तोच विचार गिटारीत आणला. १९५७ पासून हे पिकअप लेस पॉलवर आले. पेटंट मंजूर झालं १९५९ मध्ये, पण 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' असं छापलेली चिठ्ठी पिकअपच्या पाठीवर १९६२ च्या सुमारापर्यंत लागत राहिली. त्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं म्हणजे 'पीएएफ'.

आता मुद्दा. पीएएफ नावाचा एकच एक आवाज कधीच नव्हता. तार ४२ गेजची, साध्या एनॅमलची, हे ठरलेलं. दर गुंडाळीवर साधारण ५००० वेढे, हेही ठरलेलं. पण सुरुवातीला गुंडी (जिच्यावर तार गुंडाळतात ती प्लास्टिकची रीळ) भरलेली दिसली की कामगार मशीन थांबवत. त्यामुळे वेढे कमीजास्त व्हायचे आणि एकाच पिकअपच्या दोन गुंडाळ्याही सारख्या नसायच्या. चुंबक जो हाताशी असेल तो: अल्निको २, ३, ४, ५, सगळे सापडतात. मेण नव्हतंच. म्हणून खऱ्या पीएएफचा रोध सात ते नऊ किलोओहममध्ये कुठेही येतो.

तुमच्या यादीतला प्रत्येक पिकअप या पसाऱ्यातला एकेक नमुना उचलतो. सेथ लव्हर: अल्निको २, मेण नाही, निकेल सिल्व्हरचं झाकण, नेक ७.२ आणि ब्रिज ८.१ किलोओहमच्या आसपास. ५९: अल्निको ५, मेणात बुडवलेला, रोध जवळपास तसाच. पर्ली गेट्स: गिटारवादक बिली गिबन्स यांच्या १९५९ च्या लेस पॉलवरून घेतलेला, अल्निको २, ब्रिजला थोडे जास्त वेढे. ५७ क्लासिक: अल्निको २, दोन्ही गुंडाळ्या समान, मेण आहे. बर्स्टबकर १, २, ३: अल्निको २, मेण नाही, गुंडाळ्या मुद्दाम असमान. बर्स्टबकर प्रो मात्र अल्निको ५ आणि मेणवाला, त्याची गल्लत करू नका.

गुंडाळ्या असमान असल्या की दोघींचे सिग्नल तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे वरच्या स्वरांना थोडी धार येते, पण घरघरही पूर्ण मरत नाही, किंचित उरते. समान गुंडाळ्यांचा आवाज अधिक गोळीबंद आणि मऊ.

शून्य_अवरोध (नागपूर)

फार छान माहिती, वाचनखूण साठवली. एक शंका. मी माझा ब्रिज पिकअप मे महिन्यात मोजला तर ८.६ आला, डिसेंबरात ८.१. पिकअप बिघडतोय का?

तांब्याची_तार (ठाणे)

अजिबात नाही. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्क्याने वाढतो. २० अंशाला ८ किलोओहम असलेला पिकअप नागपूरच्या ४२ अंशात ८.७ च्या जवळ दाखवणार. आणि जॅकमधून मोजत असाल तर व्हॉल्यूमचा ५०० किलोओहमचा पॉट (बटणाखालचा बदलता रोध) समांतर येतो, म्हणजे खरे ८ असतील तर ७.८७ दिसतील. त्यामुळे ८.० आणि ८.३ यांच्यातला फरक धरून पिकअप निवडण्यात अर्थ नाही. रोधाचा आकडा फक्त तुटलेली गुंडाळी शोधायला आणि एकाच तारेचे, एकाच बनावटीचे दोन पिकअप ताडून बघायला चालतो. ४३ गेजची बारीक तार वापरली तर कमी वेढ्यांतही रोध वाढलेला दिसतो.

आवाज ठरतो तो प्रेरकतेवर (इंडक्टन्सवर) आणि चुंबकावर. हेन्रीत दिलेला आकडा बघा. जुन्या धाटणीच्या हंबकरचा तो ४ च्या आसपास असतो. आणि त्यात केबलचाही वाटा असतो, हे फार कमी लोक लक्षात घेतात. ४ हेन्रीचा पिकअप आणि ३ मीटरची केबल धरली तर आवाजाचं शिखर (पिकअप जिथे सगळ्यात जोरात बोलतो ती जागा) ४००० हर्ट्झच्या आसपास येतं. केबल ६ मीटरची केली की तेच शिखर ३००० पर्यंत खाली उतरतं. यादीतल्या दोन पिकअपमध्ये असेल त्याहून हा फरक मोठा असू शकतो.

कोमल_ऋषभ (नाशिक)

धागाकर्त्याने 'नेकवर स्वर कालवले जातात' असं लिहिलंय, मला तो या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. जुन्या धाटणीचा हंबकर घ्यायचा तो मुख्यतः नेकसाठी. ब्रिजला काम चालवून घेता येतं. नेकवर बोट ठेवल्यावर प्रत्येक स्वर वेगळा, पोकळ बांबूतून आल्यासारखा गोल आणि तरीही स्पष्ट यायला हवा. एकदा ते ऐकलं की दुसरं काही चालत नाही.

माझ्याकडे सेथ लव्हरची जोडी आहे. नेकबद्दल माझं मन पूर्ण भरलंय. अल्निको २ चं ओढणं कमी, त्यामुळे हलक्या हाताने वाजवलं की स्वर हळू उमलतो आणि जोरात छेडलं की किंचित दबतो. मींड घेताना, म्हणजे तार ओढताना, हा दबण्याचा गुण गाण्यासारखा वाटतो. मेण नसल्याने वरती एक मोकळी हवा आहे, जी मला मेणवाल्या पिकअपमध्ये सापडत नाही.

ब्रिजवर मात्र तोच मऊपणा मला कमी पडतो. जाड तारांवर जोरकस ताल धरला की खर्ज सैल होतो. म्हणून मी म्हणेन, दोन्ही एकाच नावाचे घ्यायलाच हवेत असं नाही. नेकला अल्निको २, ब्रिजला अल्निको ५.

आणि व्हॉल्यूम वापरायला शिका. ॲम्प थोडा तडकू द्यायचा आणि गिटारीचा व्हॉल्यूम सहा-सातवर आणायचा. जुन्या धाटणीचा पिकअप तिथे जिवंत होतो. जास्त वेढ्यांचे पिकअप तिथे नुसते मंद होतात.

मांडवी (पणजी)

कोमलताई, तुमचं घरातल्या आणि छोट्या खोलीतल्या वाजवण्याबद्दलचं म्हणणं पटतं. पण बिनमेणाचा पिकअप मोठ्या रंगमंचावर घेऊन जाणं मला धोक्याचं वाटतं. मेण नसलं की तारेचे वेढे आणि झाकण बारीक थरथरतात आणि ॲम्पच्या आवाजाने ती थरथर वाढत जाते. गेन (सिग्नल वाढवून आवाज तडकवणारी मात्रा) थोडा वर गेला, ॲम्प दोन हातांवर असला की किंचाळी सुरू. वाजवणारा थांबला तरी ती थांबत नाही. गाण्यात दोन सेकंदांची शांतता हवी असते आणि तिथे नेमकी शिट्टी येते.

कोमल_ऋषभ (नाशिक)

खरं आहे, मी ते नाकारत नाही. माझा गेन कमी असतो, आणि मी ॲम्पच्या बाजूला उभी राहते, समोर नाही. डिस्टॉर्शनच्या पेडलवर दुसरं पेडल चढवणाऱ्यांनी बिनमेणाच्या वाटेला जाऊ नये. पण ब्लूजसाठी जेवढं गेन लागतं तेवढ्यात मला त्रास झालेला नाही. आणि ब्रिज मेणवाला ठेवला तर मोठ्या आवाजाची गाणी त्यावर वाजवता येतात.

निषाद_परदेशी (न्यू जर्सी)

इकडे जुन्या गिटारींच्या दुकानांत आणि प्रदर्शनांत खरे पीएएफ ऐकायला मिळतात, म्हणून दोन शब्द. तांब्याची_तार यांनी लिहिलेलं अक्षरशः कानांनी अनुभवलंय. एकाच वर्षाच्या दोन लेस पॉल शेजारी शेजारी वाजवल्या तर एक तारसनईसारखी चिरत जाणारी आणि दुसरी लोण्यासारखी. म्हणून 'हा पिकअप खऱ्या पीएएफसारखा आहे' हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, कुठल्या पीएएफसारखा?

चिठ्ठीबद्दल एक गंमतशीर तपशील. १९६२ नंतर 'अर्ज केला आहे' च्या जागी पेटंटचा क्रमांक छापू लागले. तो क्रमांक २,७३७,८४२. पण तो या पिकअपचा नाहीच. तो गिटारवादक लेस पॉल यांच्या तारा अडकवायच्या मागच्या पट्टीच्या पेटंटचा आहे. सेथ लव्हर यांच्या पिकअपचा खरा क्रमांक २,८९६,४९१.

जुन्या बाजारात स्वस्तात चांगलं हवं असेल तर साठच्या दशकाच्या मध्यापासून आलेले टी-टॉप बघा. गुंड्यांवर इंग्रजी टी उमटवलेला असतो, चुंबक अल्निको ५, रोध जवळपास सगळ्यांचा साडेसात. पीएएफचा लहरीपणा त्यात नाही. सत्तरच्या दशकातल्या रॉकचा बराचसा आवाज खरं तर यांचा आहे, आणि धागाकर्त्याला तोच रॉक हवाय. मात्र इथेही त्यांच्या किमती आता चढू लागल्या आहेत, आणि भारतात मागवायचे तर टपाल आणि जकात वेगळी.

तांब्याची_तार (ठाणे)

सहावी_तार, पैसे टाकण्याआधी मागची झाकणं उघडा आणि तीन गोष्टी तपासा.

पहिली, पॉट. जुन्या धाटणीचा हंबकर ५०० किलोओहमच्या पॉटसाठी बनवलेला असतो. स्वस्त गिटारींत बऱ्याचदा ३०० किंवा २५० चे पॉट असतात, कधी ५०० छापलेला पॉट मोजला तर ४०० च भरतो. पॉट कमी असला की वरचे स्वर जमिनीत जातात आणि नेक पिकअप कालवल्यासारखा ऐकू येतो. तुमचं वर्णन वाचून मला पहिला संशय हाच आला. मोजताना पिकअपची तार पॉटवरून सोडवा, नाहीतर मीटर पिकअपचाच रोध दाखवेल. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला पॉट मिळतात, पण दांड्याची लांबी आणि दातांचा प्रकार बघून घ्या, आणि ऑडिओ टेपर मागा. लिनिअर घेतलात तर व्हॉल्यूम हळूहळू उतरत नाही, तळाशी एकदम पडतो.

दुसरी, टोनच्या कपॅसिटरची जोडणी. ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठीक आहे. पन्नासच्या दशकात तो व्हॉल्यूमच्या मधल्या, बाहेर जाणाऱ्या पायाला जोडत. नंतर तो पिकअपच्या बाजूच्या पायाला गेला. जुनी जोडणी केली तर व्हॉल्यूम कमी केल्यावरही वरचे स्वर बऱ्यापैकी टिकतात. कोमल_ऋषभ जे सहा-सातवर वाजवतात ते तसंच असणार. एक तार इकडची तिकडे, खर्च शून्य. फक्त व्हॉल्यूम आणि टोन एकमेकांवर थोडे परिणाम करू लागतात, त्याची सवय करावी लागते.

तिसरी, उंची. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरा आणि पिकअपपासून अंतर मोजा. नेकला अडीच मिलिमीटर, ब्रिजला दीड ते दोन, इथून सुरुवात करा. मग नेक पिकअप आणखी खाली घ्या आणि त्याचे स्क्रू तारांकडे वर आणा. स्क्रूची गुंडाळी वरचढ होते आणि खर्ज मोकळा होतो. हे मी कुठल्याही नेक हंबकरवर आधी करतो.

आणि आत्ताचे पिकअप सिरॅमिक चुंबकाचे आहेत का तेही बघा. तसं असेल तर केवळ चुंबक बदलून अल्निकोचा बसवला तरी आवाज पुष्कळ बदलतो. झाकणाचं सोल्डर काढायचं, खालचे चार स्क्रू सैल करायचे, चुंबक सरकवून बाहेर काढायचा. कुठली बाजू कुठल्या गुंडाळीकडे होती ती खूण करून ठेवायची, नवा त्याच दिशेने बसवायचा. वेढ्यांना नख लागू देऊ नका. ती तार ०.०६ मिलिमीटरची असते, तुटली की पुन्हा गुंडाळण्याशिवाय इलाज नाही.

सहावी_तार (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी गिटार उघडली. चारही पॉट ३०० च्या आतबाहेर निघाले. नवे ५०० चे आणून बसवले, जोडणी पन्नासच्या दशकातली केली. नेक पिकअप खाली घेऊन स्क्रू वर आणले.

फरक मोठा आहे. नेकवर आता कॉर्डमधले स्वर सुटे ऐकू येतात. पण तो गोलपणा, कोमलताई म्हणतात तो स्वर उमलणं, ते नाही. आवाज स्पष्ट झाला, गोड नाही झाला. ब्रिज तर आता आणखी टोचतो.

चुंबक बघितले, दोन्ही सिरॅमिक. ते बदलून बघावेत असं एकदा वाटलं. पण तार कुठली आहे, वेढे किती, काहीच माहीत नाही, आणि माझी इच्छा चांगले पिकअप घेण्याचीच आहे. तर आता विचार असा: नेकला सेथ लव्हर, ब्रिजला ५९. रंगमंचावर मोठ्या आवाजाचं काम ब्रिजवर, म्हणजे मांडवींची शिट्टीची काळजीही मिटते. पर्ली गेट्स ब्रिजला घ्यावा का असंही मनात येतंय.

मांडवी (पणजी)

ब्रिजला ५९ बरोबर. पर्ली गेट्सला वरच्या मध्यभागात एक खरखरीत धार आहे, ती मला स्वतःला फार आवडते. पण तुमची तक्रार टोचण्याची आहे, त्यामुळे ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर ती धार नकोशी होईल.

कोमल_ऋषभ (नाशिक)

माझं मत थोडं वेगळं. ५९ चा ब्रिजही वरती बऱ्यापैकी उजळ आहे आणि मध्यभागी थोडा मागे सरलेला. 'टोचतो आणि मधे पोकळी' ही मूळ तक्रार त्याने पूर्ण जाईल याची मला खात्री वाटत नाही. पर्ली गेट्सचा मध्यभाग भरलेला असतो. घरच्या व्हॉल्व्हच्या ॲम्पवर जास्त वाजवणार असाल तर मी तो घेईन. बँडसाठीच घेत असाल तर मांडवी म्हणतात ते.

सहावी_तार (पुणे)

सत्तर टक्के वाजवणं घरीच आहे. मग पर्ली गेट्स. टोन थोडा उतरवायची तयारी आहे. नेक सेथ लव्हर, हे पक्कं. आता शेवटचा प्रश्न: दोन वेगवेगळे मॉडेल घेतल्यावर मधल्या जागेवर, दोन्ही एकत्र वाजताना, काही घोळ होतो का?

तांब्याची_तार (ठाणे)

होऊ शकतो. एकाची दिशा दुसऱ्याच्या उलट निघाली तर मधल्या जागेवर खर्ज गायब होतो आणि पातळ, नाकातला आवाज येतो. गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या १९५९ च्या लेस पॉलवर नेक पिकअपचा चुंबक उलटा होता आणि त्यांनी त्या आवाजाचं सोनं केलं, पण तो हवा असेल तरच ठेवावा. तुम्ही दोन्ही एकाच कंपनीचे घेताय, म्हणून शक्यता कमी. तरी बसवण्याआधी तपासा.

मीटर २० किलोओहमवर ठेवा, लाल टोक पिकअपच्या मधल्या तारेला, काळं बाहेरच्या जाळीला. स्क्रूच्या बाजूच्या खांबांवर लोखंडी पेचकस टेकवा आणि झटकन वर उचला. आकडा क्षणभर वर जातो की खाली, ते बघा. दुसऱ्या पिकअपवर हेच करा. दोन्हींत एकाच दिशेने गेला तर जुळलं.

उलट निघालं तर तारांची अदलाबदल करू नका. जुन्या धाटणीच्या पिकअपला बहुतेक वेळा मधली एक तार आणि भोवती विणलेली जाळी एवढंच असतं. जाळी झाकणाला आणि तळपट्टीला जोडलेली असते. अदलाबदल केली तर झाकणच सिग्नलला जोडलं जातं, आणि हात लावला की घरघर. अशा वेळी एका पिकअपचा चुंबक काढून उलटा बसवायचा. सेथ लव्हरला मेण नाही, त्यामुळे उघडायचा तर तोच उघडा. त्याचं झाकण दोन ठिकाणी सोल्डर केलेलं असेल, तिथे जाड टोकाचा, ६० वॉटच्या पुढचा सोल्डरिंग आयर्न वापरा. बारीक टोकाने तिथे फार वेळ उष्णता धरावी लागते आणि तेवढ्यात प्लास्टिकची गुंडी मऊ पडते.